तीव्र मनोविकार आणि आपली आखडती माया

गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपण मनाच्या आजारांविषयी मोकळेपणाने बोलायला लागलो, हे मान्य करायला हवं. दीपिका पदुकोणने २०१५ साली स्वतःच्या नैराश्याविषयी जाहीरपणे सांगितलं, कंपन्यांमध्ये समुपदेशक बसू लागले, दिवाळी अंकांत ताणतणावांवरचे लेख नेमाने येऊ लागले. 'मला एन्झायटीचा त्रास आहे' असं म्हणताना कॉलेजमधली मुलं आता आवाज खाली करत नाहीत. हे सगळं चांगलंच झालं. पण ही समजूत ठरावीक आजारांपाशी येऊन थबकली आहे. कुणाला नसलेले आवाज ऐकू येतात, कुणाला घरचेच आपल्या जेवणात विष घालतायत याची खात्री वाटते, कुणी उन्मादाच्या भरात तीन-तीन रात्री जागून राहती जागा विकायला निघतो. अशा माणसांच्या दारापर्यंत ती समजूत पोचलेली नाही. नैराश्य आलेल्या माणसात आपल्याला आपण दिसतो. स्किझोफ्रेनिया किंवा तीव्र बायपोलर आजार झालेल्या माणसात दिसत नाही, आणि जिथे आपण दिसत नाही तिथे आपली माया आखडते. तिची जागा भीती घेते, नाहीतर चेष्टा, नाहीतर 'त्यांच्या घरचं ते बघतील' हा अलिप्तपणा. या आजारांत माया ही औषधगोळ्यांसोबत जमल्यास द्यायची वरकड गोष्ट नाही. ती उपचाराचाच भाग आहे. ती नसली की आजार बळावतो, लांबतो, आणि माणूस आजाराने जितका खचायचा त्याच्या कितीतरी पट जास्त खचतो.

स्किझोफ्रेनिया हा आजार दुर्मीळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात साधारण दर तीनशे माणसांमागे एकाला तो आहे, म्हणजे मध्यम आकाराच्या कुठल्याही गावात आणि मोठ्या सोसायटीत तो असणारच. सुरुवात बहुधा सतरा-अठरा ते तिशीच्या दरम्यान होते. नेमकं शिक्षण संपत येतं, नोकरी लागायची असते, लग्नाचं बघणं सुरू होतं, ते हे वय. यातून बाहेर येता येतं का? येतं. किमान तिघांतला एक जण पूर्ण बरा होऊ शकतो, असं हीच संघटना सांगते. उरलेल्यांपैकीही पुष्कळांना औषधं आणि आधार यांच्या बळावर नेटकं आयुष्य जगता येतं. या आजारावरचं पहिलं परिणामकारक औषध १९५०च्या दशकात आलं, आणि आज वापरातली बरीचशी औषधं स्वस्त जेनेरिक स्वरूपात मिळतात. तरीही बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत असं दिसलं, की स्किझोफ्रेनियासारखे मनोविकार असलेल्यांपैकी सुमारे ७५ टक्के लोक उपचारांपासून दूर होते. बायपोलर आजारातही हे प्रमाण ७० टक्क्यांच्या घरात होतं. मनोविकारतज्ज्ञांची टंचाई हे याचं एक कारण आहेच. पण जिल्हा रुग्णालयात ओपीडी चालू असतानाही माणसं तिथे जात नाहीत, किंवा गेली तरी ओळखीचं कुणी दिसू नये म्हणून तालुका बदलून जातात, याचं कारण डॉक्टरांच्या संख्येत सापडत नाही. पहिली लक्षणं दिसल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत जितका जास्त काळ लोटतो, तितकं पुढे बरं होणं अवघड जातं, हे अनेक देशांतल्या अभ्यासांतून आता पक्कं झालं आहे. म्हणजे लाजेपायी आजार लपवला जातो, लपवल्यामुळे उशीर होतो, उशिरामुळे माणूस कमी सुधारतो, आणि तो सुधारला नाही हे पाहून शेजारीपाजारी म्हणतात, 'बघा, हे कधी बरं होत नसतं.' ज्या समजुतीमुळे नुकसान झालं, त्याच समजुतीला त्या नुकसानीचा पुरावा मिळतो.

आपण या माणसांकडे पाहतो तेव्हा नेमकं काय पाहतो? बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा दिवसभर गादीवर पडून आहे. दात घासत नाही, दाढी वाढली आहे, मोबाईलही हातात घेत नाही, काही विचारलं तर एका शब्दात उत्तर देतो. भास आणि संशय कमी झालेत, म्हणून घरच्यांना वाटतं की आजार गेला आणि आता उरला तो आळस. मग सुरू होतं : 'आता काय धाड भरलीय? तुझ्या वयाचे बघ कुठे पोचले.' प्रत्यक्षात उमेद आटणं, बोलणं कमी होणं, चेहऱ्यावर भाव न उमटणं, ही त्या आजाराचीच लक्षणं आहेत. भासांपेक्षा ती चिवट असतात आणि गोळ्यांनी लवकर हटत नाहीत. आता दुसरी बाजू पाहा. तोच मुलगा धीर करून बाहेर पडतो, नाक्यावरच्या टपरीवर चहा प्यायला थांबतो. औषधांमुळे त्याचा हात थरथरतो, कप बशीवर वाजतो. चाल जरा ताठर झाली आहे, वजन दहा-बारा किलोंनी वाढलं आहे, तोंडाला कोरड पडते किंवा लाळ जास्त सुटते. बघणारे एकमेकांना खूण करतात. त्यांच्या लेखी हा वेडसरपणा असतो. खरं तर ती त्या मुलाने उपचार प्रामाणिकपणे घेतल्याची निशाणी असते. बरं होण्यासाठी तो जे करतोय त्याच्याच खुणांवरून लोक त्याला हसतात. दोन-चार वेळा असं झालं की गोळ्या बंद होतात. गोळ्या अचानक बंद केल्या की आजार उलटण्याची शक्यता झपाट्याने वाढते. डोस कमी करून किंवा औषध बदलून हे दुष्परिणाम बऱ्याचदा आटोक्यात आणता येतात. त्यासाठी डॉक्टरांकडे जाऊन सांगायला हवं, आणि तेवढा हुरूप टपरीवरच्या त्या नजरांनी ठेवलेला नसतो.

ही नजर माणसाच्या आत किती खोल जाते, त्याचा एक नीट अभ्यास आपल्याकडे झालेला आहे. सातारा, गोवा आणि तमिळनाडू इथल्या स्किझोफ्रेनिया असलेल्या २८२ जणांशी संशोधकांनी बोलून माहिती घेतली. तिचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. प्रत्यक्ष भेदभाव सोसावा लागला असं ४२ टक्के लोकांनी सांगितलं. पण आपण इतरांपासून तुटलो आहोत, वेगळे पडलो आहोत, असं वाटणारे ७९ टक्के होते, आणि आजार लपवण्याचा प्रयत्न ७१ टक्क्यांनी केला होता. मला यातली पहिली आणि दुसरी संख्या शेजारी-शेजारी ठेवून वाचावीशी वाटते. कुणी तोंडावर अपमान केलेला नसतानाही बहुतेकांनी तो अपमान मनोमन स्वीकारलेला आहे. आजारी पडण्याआधी तेही याच समाजात वाढले, 'येरवड्याला पोचवा याला' हे विनोद त्यांनीही ऐकले आणि केले. निदानाचा कागद हातात पडला की तेच विनोद स्वतःवर उलटतात. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली : जिथे माणसाला ठरलेली कामं आणि ठरलेली नाती निभावता येत नाहीत, तिथे कलंक सर्वांत जास्त बोचतो. आपल्याकडे या ठरलेल्या गोष्टींत लग्न सर्वांत वर. त्यामुळे एकीकडे 'लग्न लावून द्या, सुधारेल' म्हणत आजार दडवून लग्न लावलं जातं, सासरी कळू नये म्हणून मुलीच्या गोळ्या बंद होतात, आणि काही महिन्यांत ती माहेरी परत येते. दुसरीकडे, भावाला हा आजार आहे एवढ्यावरून बहिणीचं स्थळ मोडतं. कायद्यातही ही भीती उतरली आहे. हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटासाठी मनोविकाराचं कारण देताना स्किझोफ्रेनियाचा उल्लेख नाव घेऊन केलेला आहे. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण संसदेने २०१९ साली काढून टाकलं. मनोविकाराचं कलम तसंच आहे. अर्थात न्यायालयांनी त्याला मर्यादा घातली आहे. आजाराचं नुसतं नाव पुरेसं नाही, सोबत राहणं अशक्य व्हावं इतकी त्याची तीव्रता सिद्ध करावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली सांगितलं. २०१३च्या एका निकालात तर स्किझोफ्रेनिया हा रक्तदाब-मधुमेहासारखा उपचारांनी आटोक्यात ठेवता येणारा आजार आहे असं म्हणून न्यायालयाने पतीला घटस्फोट नाकारला. हा निकाल वधूवर सूचक मंडळांपर्यंत पोचायला हवा होता.

मायेचा उपचारांशी संबंध आहे हे मी वर म्हटलं, त्याला आधार आहे तो लंडनमध्ये १९५०च्या दशकात सुरू झालेल्या संशोधनाचा. समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राऊन आणि त्यांचे सहकारी रुग्णालयातून सुटलेल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचं पुढे काय होतं हे पाहत होते. त्यांना अनपेक्षित असं काही दिसलं. आईवडिलांकडे किंवा जोडीदाराकडे परतलेल्यांचा आजार, भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहायला गेलेल्यांपेक्षा जास्त वेळा उलटत होता. पुढच्या अभ्यासांत कारण उलगडलं. घरातली सततची टीका, तिरस्कार, आणि श्वासही मोकळा घेऊ न देणारी अति काळजी, या तीन गोष्टी जिथे जास्त, तिथे आजार उलटण्याचं प्रमाण जास्त. जगभर अनेक ठिकाणी हे पुन्हा पुन्हा तपासलं गेलं. १९८०च्या दशकात चंदीगडमध्ये हीच पाहणी झाली, तेव्हा तिथल्या कुटुंबांत टीका आणि तिरस्कार लंडनपेक्षा बराच कमी आढळला, आणि तिथल्या रुग्णांची प्रकृतीही तुलनेने बरी राहत होती. भारतीय घर आपसूक मायाळू असतं असा निष्कर्ष मात्र यातून मी काढणार नाही. चाळीस वर्षांत घरं लहान झाली, माणसं कमी झाली, आणि एकत्र कुटुंबातही छळ होतोच. शिवाय एक गैरसमज आधीच दूर करायला हवा. घरच्यांच्या वागण्यामुळे हा आजार होतो असं हे संशोधन म्हणत नाही. एकेकाळी पाश्चात्त्य मनोविकारशास्त्राने आईलाच आजाराचं कारण ठरवलं होतं, आणि त्या सिद्धान्ताने कित्येक आयांच्या जिवाला घोर लावला. तो सिद्धान्त केव्हाच मोडीत निघाला आहे. संशोधन एवढंच सांगतं, की आजार झाल्यावर आपण कसं वागतो याने त्याची पुढची वाट बदलते. ते वागणं शिकताही येतं : कुटुंबाला आजाराची नीट माहिती देऊन बोलण्या-वागण्याचं प्रशिक्षण दिलं, तर आजार उलटण्याचं प्रमाण घटतं, हेही तितकंच सिद्ध झालं आहे.

घराबाहेर, संस्थांच्या पातळीवर, मायेच्या अभावाचं रूप अधिक उघडंवाघडं आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे तमिळनाडूतल्या एरवाडी इथे, दर्ग्याच्या परिसरातल्या एका खासगी मनोरुग्णगृहाला आग लागली. आतली माणसं साखळदंडांनी बांधलेली होती. २८ जण जळून मेले. त्यानंतर सतरा-अठरा वर्षं उलटली, तरी उत्तर प्रदेशातल्या बदाऊनमध्ये माणसांना साखळ्यांनी बांधून ठेवल्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलंच, आणि हे अमानुष असल्याचं न्यायालयाला २०१९ साली पुन्हा सांगावं लागलं. महाराष्ट्राने यावर नाक मुरडायचं कारण नाही. आपल्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत अगदी पहिलाच गुन्हा कोणता आहे? भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरखंडाने किंवा साखळीने बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं. हे घडत होतं म्हणूनच ते लिहावं लागलं. सरकारी व्यवस्थेचं चित्रही फार उजळ नाही. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांत बरे होऊनही वर्षानुवर्षं राहिलेली माणसं आहेत, कारण न्यायला कुणी येत नाही. घरच्यांनी दिलेला पत्ता खोटा निघतो किंवा दारातून नकार मिळतो. घर नाही किंवा घरचे स्वीकारत नाहीत एवढ्याच कारणाने कुणालाही अशा संस्थेत ठेवता येणार नाही, असं २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो. त्यावर आपल्या राज्याने काढलेला मार्ग काय होता? बऱ्या झालेल्यांना भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवायचं. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये महाराष्ट्राला हे थांबवायला सांगितलं. कुठलाही गुन्हा न केलेला, आजारातून उठलेला माणूस भिक्षेकऱ्यांच्या कोठडीत पाठवावा असं सुचणं, आणि फायलीवर त्याला कुणाचीही हरकत न येणं, यालाच मी करुणेचा अभाव म्हणतो.

यावर बहुतेक जण एकच उपाय सांगतात : जनजागृती करा, लोकांना सांगा की हा मेंदूचा आजार आहे. सांगायला हवंच, देवऋषीकडून दवाखान्यात आणायला तेवढं उपयोगी पडतं. पण नुसत्या त्या वाक्याने माया वाढते असा पुरावा नाही. पाश्चात्त्य देशांत गेल्या काही दशकांत 'हा मेंदूतल्या रसायनांचा बिघाड आहे' हे मानणाऱ्यांचं प्रमाण खूप वाढलं. स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसाला शेजारी किंवा सहकारी म्हणून स्वीकारण्याची तयारी मात्र वाढली नाही, काही ठिकाणी घटली. कारण 'मेंदूतच बिघाड' हे ऐकून दोष देणं कमी होतं, पण हा माणूस मुळातच वेगळा आणि भरवशाचा नाही अशी धारणा घट्ट होते. कलंक खरोखर कमी होतो तो ओळखीने. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२२ साली सगळे अभ्यास तपासून हेच सांगितलं, की ज्यांनी हा आजार सोसला आहे त्यांच्याशी प्रत्यक्ष संपर्क, हा कलंकावरचा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. आपल्याकडे याची वाट काही लोकांनी आधीच पाडून ठेवली आहे. धुळ्याहून कॅनडात गेलेले प्राध्यापक जगन्नाथ वाणी यांनी पुण्यात सिझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली; ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेने १९९० पासून हे काम धरलं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २००४च्या 'देवराई' चित्रपटाने अतुल कुलकर्णींनी रंगवलेला, स्किझोफ्रेनिया असलेला शेष घराघरांत नेला. ठाण्या-पुण्याच्या स्वमदत गटांत रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात, आणि तिथे बोलायला उभे राहतात ते बहुतेकदा शुभार्थीच. कर्जतला डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांच्या श्रद्धा संस्थेने रस्त्यावर भटकणाऱ्या हजारो मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना देशभरातल्या त्यांच्या घरी पोचवलं. या कामासाठी डॉ. भरत यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुष्कळ घरांनी त्या माणसाला मेला असं समजून दिवसही घातलेले असतात. त्याच घरांनी त्याला पुन्हा आत घेतलं. तेव्हा समाजात माया नाही असं म्हणणं खरं नाही. तिला वाट करून द्यावी लागते.

आता आक्षेपांकडे येऊ, कारण ते पोकळ नाहीत. पहिला : ही माणसं धोकादायक असतात. वर्तमानपत्रांतला 'माथेफिरू' रोज हेच शिकवतो. वस्तुस्थिती अशी, की उपचार न मिळालेला तीव्र आजार आणि त्यात दारू किंवा अन्य व्यसन, असं असेल तर हिंसेचा धोका काही अंशी वाढतो, आणि झळ बसते ती बहुधा घरच्यांनाच. हे लपवून कुणाचंच भलं होणार नाही. पण बहुसंख्य रुग्ण कधीही कुणावर हात उगारत नाहीत. उलट इतरांपेक्षा जास्त वेळा तेच मारहाणीला, लैंगिक अत्याचाराला आणि फसवणुकीला बळी पडतात. अमेरिकेतल्या एका अंदाजानुसार समाजातल्या एकूण हिंसेपैकी तीव्र मनोविकारामुळे होणारी हिंसा चार टक्क्यांच्या आसपास आहे. आणि धोका जिथे आहे तिथे तो कमी होतो उपचारांनी, उपचार टळतात ते भीती आणि लाजेमुळे. म्हणजे स्वतःच्या सुरक्षिततेचाच विचार करायचा, तरी या माणसाला वाळीत टाकणं हा तोट्याचा सौदा आहे.

दुसरा आक्षेप घरच्यांचा, आणि मला तो सर्वांत वजनदार वाटतो. 'माया करा सांगणं सोपं आहे, रात्री दोन वाजता दार ठोठावणाऱ्याला तुम्ही सांभाळा.' बरोबर आहे. पंचवीस वर्षं मुलाला सांभाळणाऱ्या सत्तरीतल्या आईला 'टीका करू नका' असं ऐकवणं ही क्रूरताच. तिचा प्रश्न 'आमच्यानंतर याचं काय?' हा असतो, आणि त्याला व्यवस्थेकडे धड उत्तर नाही. मतिमंदत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी यांच्यासाठी १९९९ साली राष्ट्रीय न्यास कायदा झाला. तीव्र मनोविकार त्यात घेतलेच नाहीत. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने मानसिक आजाराला दिव्यांगत्व मानलं आहे, त्याचं प्रमाणपत्र मिळतं, संजय गांधी निराधार योजनेसाठी अर्ज करता येतो. पण कित्येक घरांना हे ठाऊक नसतं आणि काही घरं कलंकाच्या धाकाने प्रमाणपत्र घेतच नाहीत. म्हणून मायेचा आग्रह मी घरच्यांकडे शेवटी धरीन. तो आधी नातेवाइकांकडे, शेजाऱ्यांकडे, मालकांकडे आणि शासनाकडे धरायला हवा. जी आई दहा वर्षांत कुठल्या लग्नाला गेलेली नाही, कारण मुलाजवळ बसायला कुणी नाही, तिच्यासाठी एका संध्याकाळी तीन तास कुणी येऊन बसलं, तर दुसऱ्या दिवशी तिच्या बोलण्यातली धार आपोआप कमी होते.

तिसरा आक्षेप : तो औषधच घेत नाही, मग मायेने काय होणार? आपण आजारी आहोत हेच न उमगणं, हा या आजाराचा भाग असतो, हट्ट नसतो. अशा वेळी माया म्हणजे त्याच्या भासांना मान डोलावणं नाही. 'शेजारी माझ्याविरुद्ध कट करतायत' यावर 'हो, असेल' म्हणणं जितकं घातक, तितकंच 'मूर्खासारखं बोलू नकोस' म्हणणंही. 'तुला किती भीती वाटत असेल ते मला कळतंय, मला तसं काही दिसत नाही, पण तुला झोप लागावी म्हणून डॉक्टरांना भेटू या' असं म्हणता येतं. वाद न घालता असं बोलत राहिलं तर पुष्कळदा माणूस तयार होतो. नाही झाला आणि जिवाला धोका असेल, तर २०१७च्या कायद्यात त्याच्या संमतीशिवाय दाखल करण्याचीही तरतूद आहे. मात्र त्याला तज्ज्ञांच्या तपासणीची अट आहे, तीस दिवसांची मर्यादा आहे आणि मंडळाची देखरेख आहे. सक्ती कधीच नको असं मी म्हणत नाही. ती कमीत कमी, कायद्याच्या चौकटीत, आणि माणसाचा मान राखून व्हावी. साखळी आणि कुलूप यांना त्या कायद्यात कुठेही जागा नाही.

तुमच्या घरात, इमारतीत, कार्यालयात असा माणूस असेल, तर त्याच्याशी त्याच्या नावाने बोला, त्याच्याविषयी त्याच्यासमोर तिसऱ्याशी बोलू नका, आणि बरा होऊन कामावर परतला तर त्याला काम द्या. औषधासाठी जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. कुठे जायचं हेच कळत नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र मोफत चालू असतो, मराठीतही बोलता येतं. घरच्यांनीही लावावा, रुग्णानेही लावावा, आणि शेजाऱ्यानेसुद्धा लावायला हरकत नाही.